चेरीचे कूळ, चेरीचे मूळ

"मावशी, चेरीला मराठीत काय म्हणतात?"

भाचीचा फोन होता, कॅनडातल्या सॅस्काटूनहून. तिच्या घरामागच्या बागेत चेरीचे एक बुटके झाड आहे. तीन वर्षांनी त्याला पहिल्यांदा फळ धरले, आणि पुण्यातल्या आजीला ही बातमी मराठीत सांगायची असे तिच्या सहा वर्षांच्या लेकीने ठरवले. मी म्हटले, "चेरीच म्हणतात." तिचा आवाज जरासा उतरला. "ते झालं गं. पण खरा शब्द?"

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये असे म्हणतात. शब्दांचे मूळ शोधू नये असे मात्र कुणी म्हटलेले नाही, म्हणून मी तो प्रश्न हातात घेतला. त्यात गेलेले पंधरा दिवस फार आनंदाचे होते.

आधी झाड पाहू. सॅस्काटून हे सस्कॅचेवान प्रांतातले शहर, सपाट गवताळ मुलखातले. तिथे हिवाळ्यात पारा कधी कधी उणे ४० अंशांपर्यंत उतरतो. या आकड्यावर सेल्सिअस आणि फॅरनहाइट ही दोन्ही मापे एक होतात, म्हणजे थंडी कोणत्याही मापाने मोजली तरी तेवढीच. बाजारात मिळणाऱ्या गोड चेरीचे झाड या थंडीत तगत नाही. म्हणून लेस केर नावाच्या रोपतज्ज्ञाने १९४० च्या दशकात सॅस्काटूनला एक खटपट सुरू केली. युरोपातल्या आंबट चेरीचा त्याने झुडपी चेरीशी संकर केला. ही झुडपी चेरी पूर्व युरोपापासून सैबेरियापर्यंतच्या गवताळ पट्ट्यात वाढते. तिची फळे बारीक आणि तुरट, पण थंडीला ती भीक घालत नाही. केरने जपलेली रोपे पुढे सस्कॅचेवान विद्यापीठाकडे आली. तिथे निवड होत होत १९९९ मध्ये 'कार्माइन ज्युएल' हा वाण बाहेर पडला. २००४ मध्ये त्याला पाच भावंडे मिळाली: रोमिओ, ज्युलिएट, क्युपिड, व्हॅलेंटाइन आणि क्रिमझन पॅशन. भाचीच्या बागेत आहे तो 'कार्माइन ज्युएल'.

या नावापाशीच मी पहिल्यांदा थांबले. 'ज्युएल' म्हणजे रत्न. 'कार्माइन' म्हणजे गडद लाल, पण तो शब्द आला कुठून? मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'कार्मिनियुम'मधून. त्याच्या मागे अरबी 'किर्मिझ' आणि त्याच्याही मागे संस्कृत 'कृमिज', म्हणजे किड्यापासून झालेला. ओकच्या झाडावर राहणाऱ्या एका किड्याच्या वाळवलेल्या मादीपासून पूर्वी हा लाल रंग काढत असत. 'क्रिमझन' हाही त्याच 'किर्मिझ'चा नातू. आणि आपल्याकडे तोच शब्द फारसीच्या वाटेने येऊन 'किरमिजी' झाला. पैठणीचा किरमिजी, उतरत्या संध्याकाळचा किरमिजी. फळाला संस्कृत नाव सापडेना, पण त्याच्या वाणाच्या नावात आपला 'कृमी' बसलेला होता. मी भाचीला कळवले, "तुझ्या झाडाचं नाव किरमिजी रत्न." तिच्या लेकीला ते इतके आवडले की झाडाला आता घरात 'किरमिजी' म्हणूनच हाक मारतात.

आता फळाचे नाव. इंग्रजीतला 'चेरी' हा शब्द नॉर्मन फ्रेंचांच्या 'चेरीज'वरून आला. ते एकवचन होते, पण शेवटचा 'ज' ऐकून इंग्रजांना ते अनेकवचन वाटले. त्यांनी तो 'ज' खुडून टाकला आणि एका फळासाठी 'चेरी' असा नवा शब्द केला. वाटाण्याच्या 'पी'चेही असेच झाले. तो आधी 'पीज' होता, एकवचनीच. म्हणजे 'चेरी' हा शब्द मुळात व्याकरणाच्या एका गैरसमजातून जन्मला. आपण 'एक चिप्स दे' म्हणतो तेव्हा हाच खेळ उलट्या बाजूने खेळत असतो.

फ्रेंच 'सेरीज', स्पॅनिश 'सेरेसा', जर्मन 'किर्शे', तुर्की 'किराझ', अरबी 'करझ' या सगळ्यांची वाट ग्रीक 'केरासोस'पाशी येऊन मिळते. लॅटिनमध्ये तो 'केरासुस' झाला. सस्कॅचेवानच्या संकरित झुडपाला 'प्रूनस केरॅसिस' असे शास्त्रीय नाव देताना या 'केरासुस'मध्ये केरचे आडनाव किती अलगद बसवले आहे ते पाहावे. माणसाचे नाव फळाच्या नावात मुरवून टाकण्याची ही रीत मला फार आवडली.

'केरासोस' आला कुठून? काळ्या समुद्राच्या दक्षिण काठावर, आजच्या तुर्कस्तानात, गिरेसुन नावाचे शहर आहे. हल्ली त्याची ख्याती हेझलनटसाठी. त्याचे जुने ग्रीक नाव केरासूस. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात लिहितो की ल्युकुल्लस या सेनापतीने मिथ्रिडेटिस राजावर विजय मिळवण्याआधी इटलीत चेरी नव्हती. त्यानेच ती पाँटसहून, म्हणजे याच किनाऱ्यावरच्या मुलखातून, आणली, आणि पुढच्या १२० वर्षांत ती समुद्र ओलांडून ब्रिटनपर्यंत गेली. प्लिनीने दिलेले साल आपल्या हिशोबाने इसवी सनापूर्वी ७४. त्यावरून जुन्या लेखकांनी निष्कर्ष काढला की फळाला नाव शहरावरून मिळाले. पण ल्युकुल्लसच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी थिओफ्रास्टस हा ग्रीक वनस्पतिज्ञ 'केरासोस' झाडाचे वर्णन करून गेला होता, आणि युरोपातल्या रानांत जंगली चेरी तर त्याहून कितीतरी जुनी. ल्युकुल्लसने आणला असेल तो बागेत वाढवलेला एखादा चांगला वाण. म्हणून बरेच अभ्यासक आज उलटे म्हणतात: शहराचे नाव फळावरून पडले. काहींना त्या नावात ग्रीक 'केरास', म्हणजे शिंग, दिसते, कारण शहर समुद्रात घुसलेल्या शिंगासारख्या सुळक्यावर वसले आहे. तसे असेल तर ते नाव आपल्या 'शृंग' आणि 'शिंग' या शब्दांचे चुलत भावंड ठरते. फळाचा शब्द मात्र ग्रीकांनीही बहुधा आशिया मायनरच्या कुठल्यातरी जुन्या भाषेकडून घेतलेला. म्हणजे ज्यांच्याकडून सगळ्या युरोपाने शब्द घेतला, त्यांच्याकडेही तो पाहुणाच होता.

इथे मला सॅस्काटूनने चकित केले. त्या शहराचे नावही एका फळाचेच आहे. क्री लोकांच्या भाषेत एका जांभळ्या रानफळाला 'मिसास्क्वाटोमिना' म्हणतात. त्यावरून 'सॅस्काटून' हा शब्द झाला, फळाचाही आणि शहराचाही. काळ्या समुद्राकाठच्या चेरीच्या गावापासून निघालेले कूळ कॅनडात दुसऱ्या एका फळाच्या गावी येऊन रुजले. आपल्याला यात नवल वाटू नये. चिंचवड, बोरिवली, आंबेगाव, पिंपळगाव, वडगाव: आपणही झाडाच्या सावलीत वस्ती केली आणि नाव झाडाकडूनच मागून घेतले. माणूस गावाला नाव देतो तेव्हा आधी भोवती काय उगवते ते पाहतो.

मग भारतात चेरीला काहीच नाव नव्हते का? होते, आणि त्याची गोष्ट मोठी रंजक आहे. फारसीत गोड चेरी म्हणजे 'गिलास'. काश्मिरात आजही हाच शब्द चालतो. पाणी पिण्याच्या ग्लासशी त्याचा काही संबंध नाही. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की 'गिलास' हे पालीच्या एका नावासारखे ऐकू येते, म्हणून अकबराने या फळाला 'शाह-आलू' असे नाव दिले. अकबराने काश्मीर जिंकण्याआधी तिथे शाह-आलू नव्हते, मुहम्मद कुली अफशार याने ते काबूलहून आणून लावले, असेही जहांगीर सांगतो. 'आलू' म्हणजे फारसीत प्लम. हिंदीतला बटाट्याचा 'आलू' वेगळा. हा फारसी 'आलू' आपल्याला अनोळखी नाही. पिवळा आलू तो जर्दाळू, त्यातला 'जर्द' आपल्या 'पिवळाजर्द'मध्ये आहे. बुखाऱ्याचा आलू तो आलुबुखार. तशी चेरी म्हणजे शाहाचा, राजाचा आलू. बादशहाने दिलेले हे नाव चालले मात्र नाही. काश्मिरी माणूस आजही 'गिलास'च म्हणतो. पालीचे नाव असो की नसो, लोकांच्या तोंडात जे आधी रुजले ते हुकमाने उपटता आले नाही.

संस्कृतातही चेरीच्या कुळातले एक नाव आहे. हिमालयात ऐन शरद-हेमंतात गुलाबी फुलणारी रानचेरी म्हणजे पद्मक. वैद्यांच्या काढ्यांत 'पद्मकाष्ठ' म्हणून येते ते तिचेच लाकूड. पण फळ म्हणून कुणी ती टोपलीत भरून विकायला आणली नाही, म्हणून 'पद्मक' हा शब्द औषधाच्या फडताळातच राहिला.

आणि मराठी मुलाची चेरी? ती तर केकवरची, लाल, चिकट, अतिगोड. ती चेरी बहुतेक वेळा करवंद असते. करवंदाची बी काढून, पाकात मुरवून, लाल रंग देऊन ते चेरीच्या नावाने विकले जाते. सह्याद्रीच्या कड्यावर काट्यांतून तोडलेले, पळसाच्या पानांच्या द्रोणात 'डोंगरची काळी मैना' म्हणून विकले जाणारे फळ शहरात येते आणि परक्या फळाचे नाव घेऊन केकवर बसते. करवंदाचे स्वतःचे कूळ काही लहान नाही. संस्कृत 'करमर्द'पासून आलेला हा शब्द १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात 'कारांदास' या रूपाने पोर्तुगीजांच्या कानी पडला. आजही करवंदाच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द 'कॅरंडास' हाच आहे. ज्या झाडाचे नाव आपल्या डोंगरातून जगाच्या शास्त्रात गेले, त्याच झाडाच्या फळाला आपण दुसऱ्याचे नाव लावून विकावे याचे मला वाईट वाटते. केकवरच्या त्या लाल मण्याला कुणी पाटीवर 'साखरेतले करवंद' असे लिहिले, तर मी ते आनंदाने विकत घेईन.

भाचीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "बरं, 'ड्वार्फ'ला तरी नीट शब्द सांग." इथे मराठीची श्रीमंती अडचणीत टाकते. बुटका, ठेंगणा, खुजा, वामन. 'खुजा' हा 'कुब्ज'मधून आला. त्याच्या पाठीवर कुबड आहे, कृष्णाने सरळ केलेल्या कुब्जेची आठवण आहे, म्हणून निरोगी झाडाला तो लावणे बरे नव्हे. 'वामन' देखणा शब्द, पण 'वामनवृक्ष' आपण बोन्सायला देऊन बसलो आहोत. तिथे झाड उंच व्हायलाच निघालेले असते, माणूस त्याच्या मुळ्या छाटून, फांद्या तारेने वळवून त्याला लहान ठेवतो. सस्कॅचेवानच्या चेरीला कुणी असे अडवलेले नाही. झुडपी पूर्वजाचे रक्त तिच्यात आहे, तिला दोन मीटरपलीकडे जायचेच नसते. आपले शेतकरी भाताच्या, केळीच्या अशा जातींना 'ठेंगणी' किंवा 'बुटकी' म्हणतात. त्या शब्दांत हिणवणे नाही, उलट वाऱ्याने न लोळणारे, हाताला येणारे पीक म्हणून कौतुक आहे. मी 'ठेंगणी चेरी' सुचवले. फळ तोडायला शिडी लागत नाही, सहा वर्षांच्या मुलीचा हात पोचतो, एवढा अर्थ त्या शब्दात येतो.

थंडीबद्दलही शब्द होतेच. 'हिम' आणि 'हेमंत' हे शब्द लॅटिनमधल्या हिवाळ्याच्या 'हिएम्स' या शब्दाचे सख्खे नातेवाईक. प्राणी हिवाळाभर झोपतात त्याला इंग्रजीत 'हायबरनेशन' म्हणतात, तोही याच घराण्यातला. चेरीचे झाडही हेमंत-शिशिरात असेच झोपते, आणि ही झोप तिला हवीच असते. शून्याच्या वर पण ७ अंशांखाली शेकडो तास काढल्याशिवाय तिचे डोळे वसंतात नीट फुटत नाहीत. म्हणून महाबळेश्वरची थंडीसुद्धा तिला पुरत नाही. आपल्याकडे डाळिंबाची किंवा संत्र्याची बाग पाणी तोडून ताणावर सोडतात, झाडाला विसावा देतात आणि मग बहार धरतात. तिकडे तो विसावा थंडी देते. भाची उन्हाळा सरत आला की नत्राचे खत बंद करते. कोवळी वाढ झाली तर काडी पक्व होत नाही, आणि कच्ची काडी पहिल्या कडाक्यात मरते. नाशिकचे द्राक्ष बागायतदार 'काडी पक्व झाली का' असे विचारतात, तोच शब्द तिच्या सॅस्काटूनच्या अंगणात जशाच्या तसा लागू पडला.

आणि आता ज्या शब्दाने मला उत्तर दिले तो: कलम. ग्रीकमध्ये 'कालामोस' म्हणजे बोरू, वेत. अरबीत तो 'कलम' झाला, म्हणजे लेखणी. लेखणीसाठी बोरू तिरका तासतात. झाडाची काडीही तशीच तिरकी तासून खुंटावर बसवतात, म्हणून त्यालाही कलम. कलमी आंबा, भेटकलम, गुटी कलम. मराठीत लिहिणारा आणि बाग करणारा दोघेही एकाच शब्दावर पोट भरतात.

बाजारातली बरीच फळझाडे कलमी असतात. खाली एका जातीचा खुंट, वर दुसऱ्या जातीची काडी. सोय मोठी, पण कडाक्याच्या थंडीत वरची काडी मेली आणि खालून फुटवा आला तर तो खुंटाचा असतो. आपण लावलेली चेरी गेलेली असते, तिच्या जागी दुसरेच काही उगवते. सस्कॅचेवानच्या या झुडपांचे तसे नाही. ती ऊतिसंवर्धनाने वाढवतात आणि स्वतःच्या मुळांवर उभी असतात. रोप लावताना ते कुंडीतल्यापेक्षा थोडे खोल लावायचे, म्हणजे खोडालाही मुळ्या सुटतात. एखाद्या भयंकर हिवाळ्यात बर्फाच्या वरचे सगळे लाकूड मेले, तरी बर्फाच्या पांघरुणाखाली मूळ जिवंत असते. वसंतात जमिनीतून जे वर येते ते तेच असते, त्याच नावाचे, त्याच फळाचे.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. शब्दांतही काही कलमी असतात. परभाषेतून आणून आपल्या वाक्याच्या खुंटावर बसवलेले. थोडा काळ ते हिरवे दिसतात, मग वाळतात, शाह-आलूसारखे. पण काहींना स्वतःच्या मुळ्या फुटतात. ते ओळखायची खूण सोपी आहे: तो शब्द आपले व्याकरण अंगावर घेतो का? 'पपई'चे 'पपया' होते. 'बटाटा'चे 'बटाटे' होतात, 'बटाट्याची' भाजी होते. ही पिके समुद्रापलीकडून आली, त्यांच्या नावांना मराठी मुळ्या फुटल्या, आता ती कुणाला परकी वाटत नाहीत. 'मुरंबा' तर त्याहून पुढे गेला. अरबी 'मुरब्बा', म्हणजे पाकात टिकवलेले फळ. मराठी कानाला त्यात 'आंबा' ऐकू आला, साखरांबा आणि गुळांब्याच्या पंगतीत तो जाऊन बसला, आणि 'मुरांबा' म्हणून नांदू लागला. आता आपण सफरचंदाचाही मुरांबा करतो आणि त्यात आंबा नाही याचे कुणाला काही वाटत नाही.

भाचीने यंदा पहिली तोड केली. फळ लाल झाल्यावर घाई केली नाही, जवळजवळ काळपट होईपर्यंत झाडावर ठेवले, कारण साखर शेवटच्या दिवसांत भरते. पाखरांपासून वाचवायला झाडावर जाळी घातली होती. एकच झाड असूनही फळ धरले, कारण या जातीला दुसऱ्या झाडाच्या परागाची गरज नसते. निम्म्या फळांचा तिने मुरांबा केला. सॅस्काटूनच्या आंबट चेरीचा मुरांबा: ग्रीक, अरबी, क्री आणि मराठी यांची एका बरणीत गाठ पडलेली.

त्यानंतर तिच्या लेकीने पुण्याला आजीला फोन लावला. मीही तेव्हा तिथेच बसले होते. पलीकडून धाप लागलेला आवाज आला, "आजी, आमच्या किरमिजीला खूप चेऱ्या लागल्यात!"

चेऱ्या. 'चेरी'चे अनेकवचन तिला कुणी शिकवले नव्हते. भाकरीच्या भाकऱ्या होतात, तशा तिच्या तोंडी आपोआप चेरीच्या चेऱ्या झाल्या. नॉर्मन लोकांच्या शब्दाचा शेवट इंग्रजांनी चुकून खुडला, आणि कित्येक शतकांनी एका मराठी मुलीने त्याला आपला शेवट जोडून दिला.

मी भाचीला तेव्हाच सांगितले. चेरीला मराठीत चेरी म्हणतात. एक असली तर चेरी, पुष्कळ असल्या तर चेऱ्या.